फोल्डिंग सायकलवर पुढे झुकून बसायचंय? आधी टेप घ्या, मग पाना

नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर वाशीकडून बेलापूरला जाताना मे-जूनमधला नैऋत्येचा वारा तिरका अंगावर येतो. वीस इंची चाकांच्या माझ्या फोल्डिंग सायकलवर पहिलं वर्षभर मी खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसत होतो आणि त्या वाऱ्यात छाती शिडासारखी अडायची. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या पुढे आपला बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो. कंबरेतून थोडं पुढे झुकता आलं की तेवढ्याच दमात सायकल जास्त पळते. शिवाय वजन सीट, पेडल आणि हात यांत वाटलं जातं, त्यामुळे खड्ड्यांचे दणके सगळेच्या सगळे मणक्याला बसत नाहीत.

ही बैठक जमवायला मला सात-आठ महिने लागले. मध्ये एक चुकीच्या मापाचं हँडल विकत घेतलं, गुडघ्यामागे दुखणं लावून घेतलं आणि एकदा आखूड कापलेली ब्रेकची वायर घडी घालताना ताणून निकामी झाली. तुम्हाला तो फेरा पडू नये म्हणून हे लिहितो आहे. क्रम कृपया पाळा: आधी सीट, मग हँडल, मग वायरी. प्रत्येक टप्प्यानंतर सायकलची घडी घालून बघा. घडी नीट बसली नाही तर ती सायकल लोकलमध्ये नेता येत नाही, दाराआड मावत नाही, आणि आपण ती घेतली होती ते याच कामासाठी.

अडचण नेमकी कुठे असते

साध्या सायकलीत हँडल आणि पुढचा दांडा यांच्यामध्ये स्टेम नावाचा एक तुकडा असतो. तो हँडलला ८ ते ११ सेंटीमीटर पुढे धरतो. फोल्डिंग सायकलीत बहुधा तो नसतोच. पुढच्या चाकाच्या वरून बिजागरी असलेला एक उंच खांब सरळ वर येतो आणि त्याच्या डोक्यावर हँडल बसतं. याला हँडलपोस्ट म्हणतात.

मग सगळ्यांना सुचतं ते एकच: हँडल खाली करू. पण खांब जवळजवळ उभा असल्यामुळे हँडल १० सेंटीमीटर खाली घेतलं तरी पुढे जातं फार तर ३ सेंटीमीटर. अंग वाकतं, हात मात्र पोटाजवळच राहतात. कोपर बाहेर फाकतात, खांदे कानापर्यंत चढतात आणि उभं राहून पेडल मारताना गुडघे हँडलजवळ येतात. म्हणजे कमी पडते ती मुख्यतः लांबी. उंचीचा प्रश्न त्यानंतरचा. हे आधी ध्यानात आलं असतं तर माझी निम्मी खरेदी वाचली असती.

हाताशी काय काय हवं

कापडी किंवा लोखंडी मोजटेप, दोरीला बांधलेला एखादा जड नट (ओळंब्यासाठी), ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या षटकोनी अ‍ॅलन-की, व्यास मोजायला व्हर्निअर कॅलिपर (साधा प्लॅस्टिकचाही चालतो), केबल कटर आणि रंगाचा बारीक मार्कर. जमलं तर छोटा टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना. तो महाग वाटत असेल तर सायकल ग्रुपमधल्या कुणाकडून तरी एका रविवारपुरता मागून आणा.

कागदांपैकी सायकलीचं बिल, वॉरंटी कार्ड आणि माहितीपुस्तिका शोधून ठेवा. पुस्तिकेत चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा आणि बोल्ट किती आवळायचे ते दिलेलं असतं. हँडलचे भाग बदलले तर वॉरंटी राहते का, हे काम सुरू करण्यापूर्वीच विक्रेत्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

१. आजची मापं लिहून काढा

सायकल भिंतीला समांतर उभी करून बाजूने फोटो काढा. त्यावर बसून, हात हँडलवर ठेवून आणखी एक काढून घ्या. मग तीन मापं वहीत लिहा:

पेडलचा दांडा फिरतो त्या केंद्रापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत.
सीटच्या पुढच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत.
जमिनीपासून सीट किती उंच आणि हँडल किती उंच, म्हणजे दोन्हींतला फरक.

माझं दुसरं माप ४७ सेंटीमीटर आलं आणि हँडल सीटपेक्षा ९ सेंटीमीटर वर होतं. मग ज्याची उंची साधारण माझ्याएवढी आहे अशा मित्राच्या हायब्रिड (मोठ्या चाकांच्या, सरळ हँडलच्या) सायकलीचं तेच माप घेतलं. ते ५४ निघालं आणि त्या सायकलीवर मला दोन तास आरामात बसता येत होतं. मला सात सेंटीमीटर हवे होते, हे त्या दिवशी कळलं. तुम्हीही असं एखादं आवडतं माप शोधा. नुसत्या ‘स्पोर्टी’ या शब्दामागे लागून काही विकत घेऊ नका.

२. सीट आधी

उंचीसाठी भिंतीला पाठ लावून, पायात काही न घालता उभे राहा. एक जाडसर पुस्तक दोन मांड्यांच्या मध्ये वर सरकवून जमिनीपासून त्याच्या कडेपर्यंत मोजा. टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँमुळे प्रसिद्ध झालेलं सूत्र सांगतं की या मापाला ०.८८३ने गुणलं की केंद्रापासून सीटची उंची मिळते. माप ७८ सेंटीमीटर असेल तर सीट साधारण ६९वर येईल. ही सुरुवात समजा. पडताळा असा: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल तळाशी असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो.

फोल्डिंग सायकलीचा सीटपोस्ट लांब असतो, तरी उंच माणसाला तो अपुरा पडू शकतो. त्यावर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसेपर्यंत पोस्ट वर काढायचा नाही. आत उरलेला तुकडा फ्रेमला आतून दाबतो आणि फ्रेम तडकते. लांब पोस्ट घ्यायचा तर व्यास मोजूनच घ्या. ३१.८ आणि ३३.९ मिलिमीटर ही दोन मापं नेहमी भेटतात, डोळ्यांना ती जवळजवळ सारखीच दिसतात.

पोस्टला ग्रीस लावू नका. साध्या सायकलीत लावतात, पण इथे खटक्याने आवळायच्या क्लॅम्पवर (पकडीवर) सगळं वजन असतं आणि ग्रीसमुळे सीट हळूहळू खाली सरकते. कोरड्या फडक्याने पुसा, एवढं पुरे. योग्य उंचीवर मार्करने खूण करा, म्हणजे रोज घडी उघडल्यावर पुन्हा मोजायला नको.

आता सीट पुढे की मागे? पेडलचा दांडा जमिनीला समांतर ठेवा आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. तो पेडलच्या आसाजवळून गेला की झालं. एक-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे चालतं.

माझी मोठी चूक इथेच झाली. लांबी वाढवायला फुकटचा उपाय म्हणून मी सीट तिच्याखालच्या रुळांवर पूर्ण मागे ढकलली. तीन सेंटीमीटर मिळाले खरे, पण पेडल पुढे गेल्यासारखं झालं आणि पंधरा दिवसांत गुडघ्यामागची शीर दुखायला लागली. वजन मागे गेल्याने वाशी गावाजवळच्या चढावर पुढचं चाक हलकं पडून डगमगायचं. सीट पायांसाठी लावायची असते. हातांची सोय हँडलकडून करायची.

पुढे झुकल्यावर कंबरेचं हाड पुढे फिरतं आणि रुंद, स्प्रिंगवाली सीट मांड्यांना घासते. थोडी अरुंद, कडक सीट घ्यावी लागेल. ती जमिनीला समांतर ठेवा. टोक फार खाली केलंत तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो.

३. हँडलपोस्ट ओळखा

काही खांब वरखाली सरकतात, काहींची उंची ठरलेली असते. काहींच्या डोक्यावर क्लॅम्प असतो, त्यातलं हँडल बोल्ट सोडून काढता येतं. काहींत हँडल खांबालाच जोडलेलं असतं, तिथे पर्याय फार कमी उरतात. घडी घातल्यावर हँडल दोन चाकांच्या मध्ये जातं की बाहेरच्या बाजूला राहतं, हेही बघा. मध्ये जात असेल तर हँडलची रुंदी आणि त्यावर लावायच्या वस्तू यांना जागा मोजकीच मिळते.

मग कॅलिपर घ्या. क्लॅम्पमधल्या भागाचा व्यास बहुतेक फोल्डिंग सायकलींत २५.४ मिलिमीटर असतो. नव्या रेसिंग हँडलांचा ३१.८ आणि जुन्यांचा २६.० असतो. मी जुनं, सुंदर दिसणारं २६.०चं हँडल आणलं. फरक फक्त ०.६ मिलिमीटरचा, म्हणून दुकानातल्या मुलाने क्लॅम्प फाकवून ते बसवायचा प्रयत्न केला. मी थांबवलं, आणि आजही वाटतं की बरं केलं. फाकवलेला क्लॅम्प कधी तुटेल ते सांगता येत नाही.

मुठीपाशीचा व्यासही मोजा. सरळ हँडलचा तो २२.२ असतो आणि तुमचे ब्रेक लिव्हर, ग्रिप, मूठ फिरवून बदलायचे गिअर हे सगळं त्याच मापाचं असतं. रेसिंग हँडलचा २३.८ असतो, त्यावर यातलं काहीच बसत नाही.

४. लांबी मिळवा, स्वस्तापासून सुरुवात करून

हँडल फिरवणं. तुमचं हँडल मध्ये खाली आणि कडेला वर उचललेलं असेल तर क्लॅम्प सैल करून ते पुढे फिरवा, किंवा उलटं बसवून पाहा. खर्च शून्य आणि एक-दोन सेंटीमीटर सहज मिळतात.

बार-एंड. हँडलच्या टोकांना लावायची ही छोटी शिंगं. पकड पुढे जाते आणि मनगट नैसर्गिक राहतं. मला याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. टोकांना न लावता ग्रिप आणि ब्रेक लिव्हर यांच्या आतल्या बाजूला लावली तर हात जवळ येतात, अंग आणखी निमुळतं होतं आणि वाऱ्याला कमी जागा मिळते. लोकलच्या गर्दीत टोकाची शिंगं लोकांच्या बॅगांच्या पट्ट्यांत अडकतात, आतली अडकत नाहीत. एक काळजी घ्या: आतल्या शिंगांवर हात असताना बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत. मोकळ्या, सरळ रस्त्यावरच ती पकड वापरा.

पुढे नेणारा जोडस्टेम. एक टोक हँडलपोस्टच्या क्लॅम्पला पकडतं, दुसरं टोक हँडलला ३ ते ५ सेंटीमीटर पुढे धरतं. फोल्डिंग सायकलींसाठी लाइटप्रो वगैरे नावांनी ऑनलाइन मिळतो. माझ्या सायकलीला ४ सेंटीमीटरचा आहे. यात हँडलचा भार क्लॅम्पला फिरवू पाहतो, म्हणून तो घसरू नये याची खात्री करावी लागते. दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करा. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. ५ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण ५ न्यूटन-मीटर (टॉर्क रेंचवरचा आकडा) पुरतात. भागावर आकडा छापला असेल तर तोच पाळा. मग चाक भिंतीला टेकवून हँडलवर पूर्ण वजन टाका. थोडं जरी फिरलं तरी रस्त्यावर नेऊ नका.

खाली वळलेलं रेसिंग हँडल. ते दिसतं फार देखणं, म्हणून सगळ्यांना आधी हेच हवं असतं. नवख्या माणसाने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या सायकलीला व्ही-ब्रेक (चाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी दाबणारे, लांब हातांचे ब्रेक) असतील तर त्यांना लिव्हरने जितकी वायर ओढावी लागते त्याच्या जवळजवळ निम्मीच साधे रेसिंग लिव्हर ओढतात. ब्रेक दाबला की लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. टेकट्रो कंपनीचा आरएल५२० यासारखे व्ही-ब्रेकला चालणारे लिव्हर आहेत, पण मग गिअरचे खटके बदला, वायरी बदला, आणि एवढं करून घडी बहुतेक वेळा मावत नाहीच.

एक गोष्ट कुणीही सांगितली तरी करू नका: हँडलपोस्ट कापणं, त्याला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करून वाकवणं. मला एका वर्कशॉपमध्ये अगदी प्रेमाने सुचवलं होतं की खांब कापून पुढे वळवून देतो. हे खांब उष्णतेची प्रक्रिया केलेल्या अ‍ॅल्युमिनिअमचे असतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळची ताकद निघून जाते. वरून रंग मारला की काही दिसत नाही. तो खांब तुटतो तेव्हा हातात हँडल आणि समोर रस्ता असतो.

५. बिजागरीचा खटका तपासा

पुढे झुकल्यावर हँडलवर आधीपेक्षा खूप जास्त वजन येतं आणि ते सगळं खांबाच्या बुडाशी असलेल्या बिजागरीतून जातं. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल पुढेमागे हलवा. बिजागरीच्या फटीवर बोट ठेवा. बारीकशी टकटक जाणवली तरी खटका सैल आहे. बहुतेक खटक्यांत तो आवळायला एक छोटा नट असतो, तो पावपाव आटा फिरवत जा. बंद करताना तळहाताला जोर लावावा लागला पाहिजे, पण दोन्ही हातांनी झगडावं लागू नये. आणि दुसरं लॉक, म्हणजे चुकून उघडू नये म्हणून दिलेली कडी, दर वेळी लावा.

वेल्डिंगच्या जोडांवरचा रंग नखाने तपासा. केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची आहे असं गृहीत न धरता जाणत्या मेकॅनिकला दाखवा.

या खांबाची लांबी लक्षात घेता चढावर उभं राहून हँडल डावी-उजवीकडे ओढायची सवयही सोडावी लागते. बसून, हलका गिअर टाकून चढा.

६. ब्रेक आणि वायरी

हात पुढे गेले की लिव्हर जुन्या कोनात राहतात आणि मनगट वर मोडतं. लिव्हर सैल करून असे खाली फिरवा की कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा होईल.

हँडल खाली आणलं असेल तर वायरींचे मोठे लूप तयार होतात, पुढे नेलं असेल तर वायरी ताणतात. दोन्हीसाठी घाई करून कापू नका. मी सायकल उभी असताना छान दिसेल अशी वायर कापून घेतली. घडी घालताना खांब खाली आला आणि ब्रेकची वायर ताणून तिचे आतले धागे तुटले. सुदैवाने ते घरातच लक्षात आलं. वायरीची लांबी घडीच्या अवस्थेत ठरवायची: घडी घाला, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, सगळ्यात जास्त ताण कुठे येतो ते बघा आणि त्यावर दोन बोटं जास्त ठेवून मगच कटर लावा.

ब्रेकचं आऊटर (वायरीवरचं बाहेरचं आवरण) आणि गिअरचं आऊटर वेगळं असतं. ब्रेकचं ५ मिलिमीटरचं, आत स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेलं. गिअरचं ४ मिलिमीटरचं, आत उभ्या तारा असलेलं. गिअरचं आऊटर ब्रेकला कधीही वापरू नका, जोरात ब्रेक दाबला तर ते फाटतं.

काम झाल्यावर रिकाम्या मैदानात जाऊन ब्रेक नव्याने शिका. वजन पुढे आल्यामुळे पुढचा ब्रेक जास्त पकडतो आणि लहान चाकाची सायकल पुढच्या बाजूला लवकर उलटू पाहते. ब्रेक दाबताना ढुंगण सीटवर मागे सरकवायची सवय लावा. तासाभराच्या सरावाने ती लागते.

७. घडी

खरी परीक्षा इथे. सावकाश घडी घाला आणि चार ठिकाणी बघा: शिंगं स्पोकमध्ये घुसत नाहीत ना, लिव्हर फ्रेमवर घासत नाही ना, दोन्ही चाकं पूर्वीइतकी जवळ येतात ना, आणि कुठली वायर बिजागरीच्या तोंडात सापडत नाही ना. हा शेवटचा मुद्दा दर वेळी डोळ्यांनी बघायचा आहे, कारण चिमटलेली वायर वरून धडधाकट दिसते. माझं हँडल घडीत मध्ये जातं, म्हणून शिंगं थोडी वर फिरवून बसवावी लागली. चालवताना त्या कोनाची सवय दोन दिवसांत झाली.

८. अंगाला वेळ द्या

सगळे सात सेंटीमीटर एका दिवसात घेऊ नका. दर आठवड्याला हँडल एक-दीड सेंटीमीटर खाली किंवा पुढे, आणि सुरुवातीला ५ ते १० किलोमीटरच. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर किंवा फार मागे आहे. करंगळी बधिर होत असेल तर तळहातावर भार जास्त पडतोय; हँडल थोडं वर घ्या, कोपर सैल ठेवा. मान आखडणं पहिल्या दोन आठवड्यांत चालतं, त्यानंतरही राहिलं तर तुम्ही तुमच्या अंगापेक्षा जास्त झुकला आहात.

लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि तो दणका आता हातांना बसतो. म्हणून टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरू नका, थोडी कमी ठेवा. पेव्हर ब्लॉक आणि उड्डाणपुलांचे सांधे यांवर वेग कमी करा.

आणखी एक गोष्ट होईल. वेग वाढला की गिअर संपेल. पुढच्या चक्राला ४८ दात, मागच्या सगळ्यात लहान चक्राला १४ आणि साधारण दीड इंची रुंदीचा वीस इंची टायर असेल तर मिनिटाला पेडलच्या ८० फेऱ्या मारून ताशी २५ किलोमीटर मिळतात. त्यापुढे पाय नुसते भिरभिरतात. पुढचं चक्र मोठं करता येतं, पण त्यासाठी चेन आणि घडी पुन्हा तपासावी लागते, म्हणून ते काम सहा महिन्यांनी काढा.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. नवे भाग बसताना थोडे सैल होतातच. मग महिन्यातून एकदा, हँडलपोस्टच्या बिजागरीपासून सुरुवात करून.

माझ्या सायकलीची आजची मापं: सीट ६९, सीटच्या टोकापासून हँडल ५२ आणि शिंगांवर हात नेले की आणखी थोडं. हँडल सीटच्या बरोबरीत आहे. त्याहून खाली नेऊन बघितलं होतं, मान दुखली, परत वर घेतलं. घडी अजूनही आमच्या दाराआडच्या चपलांच्या कपाटाशेजारी मावते.